तबास्की आणि यजमानाचं घर: सेनेगलमधल्या एका जुन्या रिवाजाची पार्श्वभूमी

आपण ज्याला बकरी ईद म्हणतो, त्या सणाला पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये तबास्की म्हणतात. परदेशातून शिकायला किंवा सेवेला आलेलं कुणी तिथल्या कुटुंबात राहत असेल, तर त्या दिवशी त्याला नुसतं बघत बसता येत नाही. सकाळपासून बायका ढीगभर कांदे-लसूण सोलायला बसतात आणि पाहुणीच्या हातातही सुरी येते. पुरुष नमाज पढून परतले की मेंढ्याची कुर्बानी होते. आधी निखाऱ्यावर भाजलेली कलेजी वाटली जाते, मग दुपारी एकाच मोठ्या परातीभोवती सगळे जेवायला बसतात. पाहुण्याला तोवर जोप किंवा न्जाय असं घराण्याचं नावही मिळालेलं असतं आणि गल्लीतली पोरं त्याला त्याच नावाने हाका मारतात. मांसाचे घरचा, नातलग-शेजाऱ्यांचा आणि गरिबांचा असे तीन वाटे करण्याची रीत आहे. पाहुणा जेवतो तो घरच्या वाट्यातून.

परदेशी पाहुण्याला कुटुंबात ठेवण्याची ही व्यवस्था त्याला पाठवणाऱ्या परदेशी संस्थांनी उभी केली, असं वरवर पाहता वाटतं. पण परक्याला घरात घेण्याची तिथली रीत या संस्थांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सेनेगल आणि गॅम्बियाच्या पट्ट्यात निर्यातीसाठी भुईमूग पिकू लागला. युरोपातल्या तेलघाण्यांना आणि साबण कारखान्यांना शेंगदाणा हवा होता आणि इथे शेतात राबायला माणसं कमी पडत होती. त्यामुळे दरवर्षी पावसाच्या तोंडावर आजच्या माली आणि गिनीच्या बाजूने हजारो तरुण येत. आधी पायी, आणि १९२० च्या दशकात डाकार–नायजर रेल्वे पूर्ण झाल्यावर आगगाडीने. या हंगामी शेतकऱ्यांना ‘नावेतान’ म्हणत. गावात पाऊल टाकलं की नावेतानाने पहिल्यांदा यजमान शोधायचा. यजमान त्याला झोपायला खोपटं, जेवण, बियाणं आणि स्वतःचं पीक घ्यायला जमिनीचा तुकडा देई. बदल्यात नावेतान आठवड्यातले काही ठरलेले दिवस किंवा सकाळचा वेळ यजमानाच्या शेतात राबे. यजमानाला तिथे ‘जातिगी’ म्हणतात. गावात तो पाहुण्याचा जामीन असे. भांडणतंटा झाला तर त्याच्या वतीने बोलायलाही तोच उभा राहायचा. मजुरीचा करार आणि पाहुणचार या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढता येत नाहीत, आणि मला त्यात काही कमीपणाही वाटत नाही. चांद्र पंचांगामुळे तबास्की दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. ज्या वर्षांत ती पावसाळ्यात येई, त्या वर्षांत घरापासून शेकडो मैल दूर असलेल्या या पोरांचा सण यजमानाच्याच अंगणात होणार, हे ओघानेच आलं.

सेनेगल नदीकाठच्या तकरूर राज्याच्या राजाने अकराव्या शतकात इस्लाम स्वीकारला, तरी बहुसंख्य जनता मुसलमान झाली ती फार नंतर. फ्रेंचांनी जुनी राज्यं मोडली, तेव्हा लोक सूफी गुरूंच्या आसऱ्याला गेले. त्यांतले अमादू बांबा यांनी तूबा हे शहर वसवलं. १८९५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना गाबोनला हद्दपार केलं. त्या हद्दपारीच्या स्मरणार्थ सफर महिन्याच्या १८ तारखेला तूबात ‘मागाल’ भरतो. लाखो भाविक येतात आणि शहरातली कुटुंबं अनोळखी माणसांनाही घरात घेऊन फुकट जेवू घालतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पाहुणा मुसलमान नसला तरी अडत नाही, याचंही मूळ देशातच आहे. सेनेगलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान आहेत. पण १९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंगोर कॅथलिक होते आणि त्यांना सूफी गुरूंचा भक्कम पाठिंबा होता. ईस्टरच्या वेळी ख्रिस्ती घरांतून बाजरी, शेंगदाणा आणि गोरखचिंचेच्या गराचा गोड ‘न्गालाख’ मुसलमान शेजाऱ्यांकडे जातो. तबास्कीला उलट बाजूने मांस येतं.

परदेशी संस्थांचा धागा वेगळीकडून आला. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थाने ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ सुरू केलं. परक्या देशातल्या कुटुंबात राहूनच तो देश कळतो, ही त्यामागची धारणा. १९३४ मध्ये या उपक्रमातून जर्मनीत राहून आलेला सार्जंट श्रायव्हर हा तरुण पुढे १९६१ मध्ये पीस कोअर या परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा पहिला संचालक झाला. १९६३ मध्ये पीस कोअर सेनेगलला पोचलं. सुरुवातीला स्वयंसेवकांचं प्रशिक्षण अमेरिकेतल्या विद्यापीठांत होई. पुढे ते त्या त्या देशातच होऊ लागलं. सेनेगलमधलं प्रशिक्षण केंद्र आहे थिएस शहरात. डाकार–नायजर मार्गावरचं हे मोठं जंक्शन. नावेतानांच्या गाड्या याच मार्गावरून भुईमुगाच्या मुलखात येत.

पाहुण्याच्या राहण्या-जेवणाचे पैसे आज संस्था कुटुंबाला देतात. मेंढ्याचा खर्च मात्र घरावर जड पडतो. लाखो मेंढ्या लागतात, त्यांतल्या बऱ्याच माली आणि मॉरिटानियातून येतात, आणि सण जवळ आला की भाव चढतात. ऐपत नसलेल्यावर धर्म कुर्बानीची सक्ती करत नाही, पण शेजारीपाजारी काय म्हणतील या धाकाने कर्ज काढणारे बाप तिथे आहेत. अशा घरात राहणाऱ्याने कांदे, बटाटे, तेल, साखर यांचा भार गाजावाजा न करता उचलावा, असं मला मनापासून वाटतं. नावेतानही रिकाम्या हाताने राहत नव्हता.

२००२ मध्ये अमेरिकेने याच वाटेवरून उलटा प्रवास सुरू केला. एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या सिनेटरांच्या पुढाकाराने ‘येस’ कार्यक्रम निघाला आणि मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतली शाळकरी मुलं वर्षभर अमेरिकी कुटुंबांत राहू लागली. त्यांत सेनेगलची मुलं आहेत, भारतातलीही आहेत. तिथे ईदच्या दिवशी मशीद शोधून मुलाला नेऊन सोडणं यजमान आईबापांकडे येतं. न्यू यॉर्क शहराने २०१५ पासून सरकारी शाळांना दोन्ही ईदची सुट्टी दिली. जिथे ती नाही, तिथे शाळेकडून रजा मागून घ्यावी लागते.