लाइनीत झिरपणारं पाणी आणि लाइनीत घुसणारं पाणी: दुरुस्तीचा पैसा नक्की कशावर घालायचा?

दहा-वीस गावं-शहरं मिळून एकच मोठी मुख्य मलवाहिनी आणि एकच शुद्धीकरण केंद्र वापरतात, अशा प्रादेशिक ड्रेनेजचा दुरुस्ती आराखडा वाचायला घेतला की सुरुवातीलाच एक जोडगोळी भेटते, इन्फिल्ट्रेशन आणि इनफ्लो. बहुतेक ठिकाणी दोन्ही एका दमात लिहिलेले असतात, मध्ये एक तिरकी रेघ, आय/आय, आणि मग बैठकीत सगळे त्याला सरसकट "पावसाचं पाणी लाइनीत येतंय" म्हणून मोकळे होतात. घोळ तिथेच सुरू होतो. दोन्ही पाणी तसं स्वच्छच, दोन्ही नको असलेलं, दोन्हींमुळे पंप उगाच चालतात हे खरं, पण एक येतं जमिनीतून आणि दुसरं येतं वरून, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पैसाही दोघांसाठी वेगळ्या खिशातून काढावा लागतो, पण ते पुढे.

इन्फिल्ट्रेशन म्हणजे साधा झिरपा. पाइप भूजलाच्या पातळीखाली असला की बाहेरचं पाणी जिथे फट दिसेल तिथून आत येतं, तडे, सरकलेले सांधे, झाडाच्या मुळांनी उचकटलेला जोड, मॅनहोलच्या विटांमधल्या चिरा, घराची लाइन मेन लाइनला मिळते ती जागा. एकेका ठिकाणी धार बारीक असते पण ती रात्रंदिवस चालू असते. ती बघायची असेल तर रात्री दोन ते चारच्या दरम्यान वस्तीतल्या एखाद्या छोट्या लाइनीचं मॅनहोल उघडायचं. सगळे झोपलेले, नळ बंद, तरी खाली नितळ, थंड, फारसा वास नसलेलं पाणी झुळझुळत चाललेलं असेल तर ते बहुतेक भूजलच. (हे मोजमाप मोठ्या मुख्य लाइनीवर करून उपयोग नाही बरं का, लांबच्या गावातलं रात्रीच्या जेवणानंतरचं पाणी तिथे पोचायलाच मध्यरात्र होते, म्हणजे आकडा फुगलेला दिसतो आणि दोष भलत्याच पाइपावर जातो.)

इनफ्लो म्हणजे थेट घुसलेलं पाणी. छपराच्या पन्हळीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला, अंगणातली जाळी ड्रेनेजला जोडलेली, तळघरात साचलेलं पाणी उपसणारा पंप (संप पंप) गुपचूप ड्रेनेजमध्ये सोडलेला, सखल रस्त्यातल्या मॅनहोलचं भोकाभोकांचं झाकण ज्यावर जोराचा पाऊस आला की तळं साचतं, आणि पावसाळी गटार आणि मलवाहिनी कधीकाळी कुणीतरी एकमेकांना जोडून ठेवलेली. यात मातीतून मुरणं वगैरे भानगड नाही, पाऊस पडला की काही मिनिटांत पाणी लाइनीत आणि पाऊस थांबला की थोड्या वेळात गायब.

आता हा फरक आकड्यात बघू, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात २५ मिमी पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी होतं. माणशी दिवसाला १५० लिटर सांडपाणी धरलं तर हे १६-१७ माणसांचं दिवसभराचं सांडपाणी झालं, आणि ते एका घरातून, एका तासात. असली दोनशे छपरं एकाच लाइनीवर असली तर काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही, मॅनहोलमधून उलटं वर येतं. दुसरीकडे एका सांध्यातून मिनिटाला फक्त १ लिटर झिरपतंय असं धरा. दिवसाला १,४४० लिटर, वर्षाला सव्वापाच लाख लिटर. त्याच छपरावर वर्षभरात १,००० मिमी पाऊस पडला तरी सगळं मिळून होतं १ लाख लिटर. म्हणजे चिल्लर वाटणारा तो एक सांधा वर्षाच्या हिशोबात छपराच्या पाचपट पाणी आणतो, पण त्याच्यामुळे पूर कधीच येत नाही, आणि छप्पर वर्षातले बरेचसे दिवस शांत बसून एखाद्या संध्याकाळी अख्खी लाइन तुंबवतं.

म्हणून तक्रार काय आहे ते आधी ऐकायचं. पंपिंगचं वीजबिल वर्षभर जास्त येतंय, केंद्रात येणारं सांडपाणी पातळ आणि थंड आहे, त्यातले जिवाणू नीट काम करत नाहीत, अशी रड असेल तर संशय झिरप्यावर. जोराच्या पावसात तळघरात घाण पाणी उलटतंय, नदीत ओव्हरफ्लो होतोय, तर आधी घुसणारं पाणी शोधा. फ्लो मीटरचा आलेख समोर ठेवला तरी हेच दिसतं, इनफ्लोचा उंच टोकदार सुळका पावसाबरोबर चढतो नि उतरतो, झिरप्याचा फुगवटा बुटका असतो पण पावसानंतर कित्येक दिवस, कधी कधी आठवडे रेंगाळतो. मधला एक लबाड प्रकारही आहे. पाइप टाकताना खणलेल्या चरात भरलेली माती किंवा खडी सैल असते, पाऊस तिच्यातून झपकन खाली उतरतो आणि फुटक्या सांध्यातून काही तासांतच आत येतो. आलेखावर तो इनफ्लोसारखा दिसतो पण मार्ग झिरप्याचा, आणि बऱ्याच आराखड्यांचं गणित याच्यामुळेच चुकतं, सगळ्या पन्हळी तोडून झाल्या तरी सुळका अर्धाच कमी झाला अशी ओरड मग होते.

ढोबळ निकष हवा असेल तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अनुदान नियमांत तो होता, कोरड्या हवामानात पण भूजल वर असताना माणशी रोज १२० गॅलन म्हणजे साधारण ४५० लिटरच्या वर गेलं तर झिरपा जास्त आहे का ते तपासा, आणि पावसात २७५ गॅलन म्हणजे हजार लिटरच्या वर गेलं तर इनफ्लो तपासा. एकाच नियमावलीत दोन वेगळे आकडे दिलेत, एका आकड्यात दोन्ही कोंबलेले नाहीत, हे लक्षात घ्या.

शोधायची साधनंही वेगळी आणि त्यांचा हंगामही वेगळा, आणि हे वेळापत्रकात चुकलं की सर्व्हेचे पैसे पाण्यात. इनफ्लोसाठी स्मोक टेस्ट. मॅनहोलवर ब्लोअर ठेवून लाइनीत धूर सोडायचा आणि गल्लीत फिरायचं, कुणाच्या पन्हळीतून धूर निघतोय, कुणाच्या अंगणातल्या जाळीतून निघतोय, ते दिसतं, फोटो काढायचा, पत्ता लिहायचा. ही टेस्ट जमीन कोरडी असताना करायची, कारण माती पाण्याने भरलेली असली तर तिच्यातून धूर वर येत नाही. संप पंप मात्र धुरात सापडेलच असं नाही, त्याच्यासाठी घरात जाऊन बघावं लागतं किंवा रंग टाकून. झिरप्यासाठी कॅमेरा, आणि तो नेमका उलट हंगामात, भूजल वर असताना. उन्हाळ्यात कॅमेरा फिरवला तर तोच सांधा कोरडा ठणठणीत दिसतो, रिपोर्टमध्ये किरकोळ तडा म्हणून नोंद होते आणि पावसाळ्यात तिथूनच कारंजं उडत असतं. कंत्राटदाराला गाडी मोकळी आहे म्हणून दोन्ही कामं एकाच महिन्यात उरकली असतील तर त्यातला एक सर्व्हे अर्धवट समजायचा.

दुरुस्तीकडे येऊ. झिरप्यावर आज सगळीकडे चालतो तो उपाय म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली नळी जुन्या पाइपात घालून, फुगवून, तिथेच कडक करायची. हे लायनिंग एरिक वूड या इंग्रज इंजिनियरने १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात पहिल्यांदा केलं. रस्ता खणायचा नाही, साधारण ५० वर्षांचं आयुष्य धरून डिझाइन, दिसायलाही झकास. पण भूजल असं हार मानत नाही. मेन लाइनच्या फटी बंद केल्या की आजूबाजूची पाण्याची पातळी थोडी वर चढते आणि पाणी पुढच्या फटीतून येतं, बहुतेक वेळा घरांच्या जोडण्यांमधून आणि मॅनहोलच्या भिंतीतून. त्यामुळे इथला वाईट तेवढा तुकडा, तिथला वाईट तेवढा तुकडा असं लायनिंग केलं तर खर्च पूर्ण होतो आणि मीटरवर फरक जेमतेम दिसतो. एक छोटा भाग घ्यायचा आणि त्यातली मेन लाइन, मॅनहोल, घरांच्या जोडण्या सगळं एकदम करायचं, मग आकडा हलतो. इनफ्लोचं काम त्या मानाने स्वस्त, पन्हळ तोडून बागेत सोडा, झाकण बदला, चुकीचा जोड बंद करा. अडचण एवढीच की त्यातलं निम्मं काम लोकांच्या घरात शिरून करावं लागतं.

आणि इथून पैशाचा प्रश्न फाटतो. लायनिंग हे भांडवली काम, पाइप सार्वजनिक, आयुष्य लांब, म्हणून त्यासाठी लांब मुदतीचं कर्ज काढणं रास्त, पुढची पिढीही तोच पाइप वापरणार आहे. कर्जाचे हप्ते ड्रेनेजच्या दरातून. पन्हळ तोडायला मात्र असं कर्ज बऱ्याच ठिकाणी वापरताच येत नाही, कारण मालमत्ता खासगी, मग तिथे सवलत, दंड, घर विकताना सक्तीची तपासणी असले मार्ग. इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून घराच्या हद्दीबाहेरच्या आणि सामाईक खासगी लाइनी पाणी कंपन्यांकडे गेल्या, म्हणजे तेवढ्या भागात दुरुस्ती कोणाची हा वाद तरी मिटला. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने तर अट घातली की लाइनीत बाहेरचं पाणी प्रमाणाबाहेर येत नाही हे दाखवा, तरच शुद्धीकरण केंद्राला अनुदान, आणि १९८७ मध्ये ती अनुदानं मागे पडून राज्यांचे फिरते कर्जनिधी आले, पैसा परत करायचा आहे म्हटल्यावर साहजिकच हिशोब जास्त काटेकोर लागतो.

प्रादेशिक व्यवस्थेत अजून एक गाठ असते. मोठी लाइन प्राधिकरणाची, गल्लीतली लाइन त्या त्या गावाची, शेवटचा तुकडा घरमालकाचा. वरच्या गावाने दुरुस्ती केली तर फायदा खालच्या गावातल्या तळघरांना, मग वरचं गाव खर्च का करेल? बोस्टन परिसरातल्या ४३ गावा-शहरांचं सांडपाणी घेणाऱ्या मॅसॅच्युसेट्स वॉटर रिसोर्सेस ऑथॉरिटीने १९९३ मध्ये गाजर दाखवलं, गावांना त्यांच्या स्वतःच्या लाइनीसाठी सुरुवातीला २५ टक्के अनुदान आणि ७५ टक्के बिनव्याजी कर्ज, आणि पुढच्या टप्प्यांत अनुदानाचा वाटा वाढवला. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या मेट्रोपॉलिटन कौन्सिलने २००७ पासून छडी उगारली, पावसातला तुमचा सुळका ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर जादा आकार, पण तेवढीच रक्कम तुम्ही स्वतःच्या दुरुस्तीवर खर्च केलीत तर आकार माफ. मला दुसरी पद्धत जास्त हुशार वाटते, कारण ती सुळक्यावर बोट ठेवते आणि सुळका मीटरवर सरळ दिसतो. झिरप्यासाठी मात्र ती बोथट पडते, बारमाही बारीक धारेने कुठलीच मर्यादा एका रात्रीत ओलांडली जात नाही, तिथे वर्षभराच्या एकूण प्रवाहावर बिल लावलं तरच गावाला झळ लागते.

कर्ज देणारा काय किंवा दर भरणारा काय, शेवटी विचारतो की पाणी किती कमी झालं. तिथे गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी ठेवून भागत नाही. दुरुस्ती न केलेला, तसल्याच मातीतला, तसल्याच वयाचा एक भाग मुद्दाम तसाच सोडून त्यावरही मीटर लावायचा आणि दोघांची तुलना करायची, आणि हा मीटरचा खर्च आराखड्यातच, काम सुरू व्हायच्या निदान एक पावसाळा आधीपासून धरायचा. नाहीतर दुरुस्तीनंतरचं वर्ष नेमकं कोरडं जातं, सगळे आकडे आपोआप खाली येतात, आणि पुढच्या टप्प्याचे पैसेही त्याच चुकीच्या उपायावर मंजूर होतात.