पांढरी साल, तांबडं पोट

काळवंडलेला तांब्या चिंचेच्या कोळाने चोळला की लखलखतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं. चारशे वर्षांपूर्वी जर्मन टांकसाळींनी याच रसायनाच्या जोरावर अख्खा मुलूख नाडला.

१५६६च्या कायद्याने तिथल्या मोठ्या नाण्याचा, राइक्सटालरचा, कस बांधून दिला होता. सुमारे २३४ ग्रॅम चांदीत ९ नाणी, म्हणजे प्रत्येकात जवळपास २६ ग्रॅम. अडचण होती चिल्लरीची. टालर पाडायला जितके श्रम, जवळजवळ तितकेच क्रॉयट्सर या इवल्याशा नाण्याला. कस सांभाळून चिल्लर पाडणं आतबट्ट्याचं होतं. १६१८मध्ये तीस वर्षांचं युद्ध पेटलं, सैन्याच्या पगाराला पैसा हवा होता, आणि संस्थानिकांनी चिल्लरीत तांबं वाढवलं.

पण तांबूस नाणं घेणार कोण? त्यासाठी हिणकस चकत्या भट्टीत तापवत. पृष्ठभागावरच्या तांब्याचा काळा ऑक्साइड होई, चांदी मात्र तशीच राही. मग त्या मीठ आणि टार्टारच्या पाण्यात उकळत. टार्टार म्हणजे वाइनच्या पिंपांना आतून धरणारा खडा. त्यातही चिंचेतलंच आम्ल! ऑक्साइड विरघळून जाई आणि वर चांदीचा पांढरा, सच्छिद्र थर उरे. ठशाचा घाव बसला की तो दबून चकाके. कल्हई करताना आपण वरून कथील चढवतो. इथे वरचं तांबं तेवढं काढून घेतलं जाई.

बाजारात फिरून फिरून ही साल झिजे. आधी उंचवटे उघडे पडत: गरुडाची छाती, मुकुटाची टोकं. तिथून तांबडं पोट डोकावू लागे.

या काळाला ‘किपर उंड विपर’ म्हणतात. ‘विपेन’ म्हणजे तराजूची दांडी वरखाली झुलणं. चांदीची घनता १०.५, तांब्याची ९च्या आसपास. त्यामुळे एकाच आकाराच्या नाण्यांत हिणकस हलकं भरतं. दलाल तराजूवर तोलून चोख, जड नाणी वेचून घेत, ती वितळवत आणि त्या चांदीत आणखी तांबं मिसळून नवी पाडत.

युद्धाआधी टालरला साधारण ९० क्रॉयट्सर मिळत. १६२२पर्यंत काही शहरांत ६००च्या वर मोजावे लागले. याची मला खरी चीड येते, कारण मजुराची, शिक्षकाची, पाद्र्याची मिळकत याच चिल्लरीत होती. लोक रस्त्यावर उतरले, माग्डेबुर्गमध्ये दंगल झाली. १६२३मध्ये बहुतेक राज्यं १५६६च्या मापावर परतली आणि किपर नाण्यांचं मोल पाडण्यात आलं. तोवर कित्येकांची साठवण तांबडी पडली होती.