ओढ्याकाठची वने (कृषिप्रदेशातील)

नदी, ओढा वा नाला यांच्या दोन्ही काठांवर, पाण्याच्या ओलीवर वाढलेला झाडीचा अरुंद पट्टा. ‘तटीय वन’ हा शब्द समुद्रकिनाऱ्याच्या वनांनाही लावला जात असल्याने येथे टाळला आहे. गवताळ प्रदेशातून जाणाऱ्या अशा पट्ट्यास वीथिवन म्हणतात. भारतीय वनप्रकारांच्या चॅम्पियन व सेठ यांच्या वर्गीकरणात (१९६८) ही वने गट ४ मध्ये, म्हणजे खारफुटी व दलदलीच्या वनांसोबत, येतात. ओल हा एकच निकष धरला तर हे बरोबर आहे. एरवी देशावरचा ओढा आणि खाडी यांत साम्य थोडेच.

महाराष्ट्रात या पट्ट्यात करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा, भोकर ही झाडे आढळतात. पात्राच्या कडेला वाळुंज आणि पुरात आडवी होऊन पुन्हा उभी राहणारी शेरणी (एक झुडूप) असते. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुधा पोटखराब्यात मोडते. पिकाच्या हिशेबातून ती वगळलेली असल्यामुळेच पुष्कळ ठिकाणी झाडी टिकली. आणि तिला धनी नसल्यासारखे झाल्यामुळे तितक्याच सहजपणे गेलीही.

प्राणिसंख्येवरील परिणाम : या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले ते मुख्यतः अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्य भागातील पक्षिगणनांमुळे. १९७७ मध्ये ॲरिझोनातील टूसॉन येथे काठच्या अधिवासांवर परिसंवाद झाला, तो या अभ्यासाचा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. पश्चिम अमेरिकेत काठची वनस्पती भूभागाच्या एक टक्क्याहून कमी जागा व्यापते, तरी तेथे वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती इतर कोणत्याही अधिवासापेक्षा अधिक असतात, असे नॉफ व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले. त्यावरून ‘काठावर जाती जास्त’ हे जणू सूत्रच झाले. पुढे साबो व सहकाऱ्यांनी (२००५) अनेक खंडांतील आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा काठावरील जातींची संख्या लगतच्या माळापेक्षा सर्वत्र अधिक भरली नाही. मात्र तेथील जाती वेगळ्या होत्या, आणि त्यांच्यामुळे त्या-त्या प्रदेशाची एकूण जातिसंख्या सरासरीने निम्म्याहून अधिक वाढत होती. हा दुसरा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. कोरड्या प्रदेशातील गणना दमट प्रदेशाला जशीच्या तशी लावता येत नाही. शिवाय शेताच्या बांधावर न दिसणारा प्राणी ओढ्यात दिसतो, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभवही वेगळेपणाचाच आहे.

मार्गिका की वसतिस्थान : वनांच्या दोन तुकड्यांना जोडणारी मार्गिका म्हणून काठच्या पट्टीचे समर्थन होते. सिंबरलॉफ व कॉक्स यांनी १९८७ मध्ये या कल्पनेला पुरेसा पुरावा नाही, उलट रोग, वणवे व परके जीवही त्याच वाटेने पसरतील, असा आक्षेप घेतला. नॉस यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात माख्टन्स व सहकाऱ्यांनी (१९९६) जाळ्यांत पक्षी पकडून ही गोष्ट तपासली. वनपक्ष्यांची, विशेषतः त्या वर्षीच्या पिलांची, ये-जा तोडलेल्या मोकळ्या जागेपेक्षा पट्टीतून अधिक होत होती. तो प्रदेश लाकूडतोडीचा होता, शेतीचा नव्हे, हे विसरता कामा नये. भारतात तमिळनाडूतील वालपराई पठार हे ठळक उदाहरण आहे. सुमारे २२० चौ. किमी.च्या या चहा-कॉफीच्या प्रदेशाभोवती अनमलाईचे वन आहे. तेथील हत्ती दिवसा वर्षावनाचे उरलेले तुकडे आणि नडुआर–शोलयार नद्यांकाठची झाडी पसंत करतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. चहाच्या मळ्यात हत्तीला दिवसा आडोसा मिळत नाही. तो नदीकाठी मिळतो.

रुंदी : पट्टी किती रुंद असावी, यावर सर्वाधिक वाद आहे. ब्राझीलच्या १९६५ च्या वनसंहितेत लहान नद्यांसाठी प्रत्येक काठाला ५ मीटर पट्टी होती; ती १९८६ मध्ये ३० मीटर झाली. २०१२ च्या कायद्याने ३० मीटरचा नियम ठेवला, पण २२ जुलै २००८ पूर्वी तोड झालेल्या अगदी लहान जमीनधारणांना फक्त ५ मीटर पट्टी पुन्हा उभी करण्याची सवलत दिली. लीस व पेरेस यांनी ॲमेझॉनमधील आल्टा फ्लोरेस्टा भागातील पक्षी व सस्तन प्राणी पाहून (२००८) प्रत्येक काठाला २०० मीटरची शिफारस केली. अरुंद व तुटक पट्ट्यांत त्यांना अखंड वनातल्या जातींपैकी एक-तृतीयांशच आढळल्या होत्या. मलेशियाच्या साबा राज्यातील तेलमाडाच्या लागवडीत कायदेशीर मर्यादा २० मीटर आहे; तेथील पक्ष्यांवरील अभ्यासात (२०१८) ४० मीटरपासून पुढे वनपक्ष्यांचा समुदाय बऱ्यापैकी टिकलेला दिसला. कोणताही एकच आकडा सर्वत्र लावणे योग्य ठरणार नाही. पट्टीची सलगता आणि आतील चराई यांनाही रुंदीइतकेच महत्त्व द्यावे लागते. विहिरीजवळ दहा झाडे, मग रिकामा काठ, मग पुन्हा चार बाभळी, अशा रचनेतून रुंदी मोजून फारसे हाती लागत नाही.

पाणी व काठ यांची देवाणघेवाण : जपानमधील होक्काइदो बेटावरील होरोनाई ओढ्यावर नाकानो व मुराकामी यांनी केलेला अभ्यास (२००१) येथे पायाभूत आहे. पाण्यातून बाहेर पडणाऱ्या कीटकांनी काठच्या पक्ष्यांच्या वार्षिक ऊर्जेच्या गरजेपैकी २५.६ टक्के भाग भागवला, तर झाडांवरून पडणाऱ्या कीटकांनी माशांच्या गरजेपैकी ४४ टक्के. काठ उघडा झाला की ही देवघेव तुटते आणि पाणीही तापते.

कोकणात हे जवळून पाहता येते ते तिबोटी खंड्या या लहानशा पक्ष्यात. पावसाळ्याच्या तोंडावर तो पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरतो आणि पिलांना पाली-सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, नाकतोडे भरवतो. दरडीवर सावली आणि मुळांची पकड नसेल, तर भर पावसात माती ढासळते आणि बीळही जाते.

बिबट्याचे उदाहरण मात्र जपून द्यावे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात, दर चौ. किमी. ३०० हून अधिक लोकवस्तीत, १०० चौ. किमी.मागे सरासरी ४.८ प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आडोसा उसाचाही असतो. त्यामुळे ओढ्याकाठच्या झाडीचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.

अपाय : रानडुक्कर, माकडे आणि विदर्भात रोही (नीलगाय) यांना हाच पट्टा दिवसाचा आसरा देतो, व काठालगतच्या पिकाची नासधूस वाढते. अरुंद पट्टीत भक्षकांकडून घरट्यांची लूटही अधिक होते, असे काहींचे मत आहे.

ऱ्हास : ओढे सरळ व खोल करणे, गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात केलेली पेरणी), वाळूउपसा ही ऱ्हासाची प्रमुख कारणे. जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणासाठी पोकलेन उतरवताना काठची झाडे निघाली, असा आक्षेप घेतला गेला. कोकण व गोव्यात काही पट्टे देवराईच्या रूपाने राहिले आहेत. सत्तरीतील निरंकाराची राई आणि दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची राई ही पाणथळ देवराईंची उदाहरणे होत.