आधी श्रद्धा की आधी पुरावा?

ख्रिस्ती धर्मात सत्य श्रद्धेने गवसते म्हटले की पुष्कळांना वाटते, बुद्धी गहाण टाकायची. मुळात बायबलमध्ये प्रश्नच वेगळा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, 'मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे.' म्हणजे सत्य ही एक व्यक्ती, आणि व्यक्ती कळायची तर आधी तिच्यावर भरवसा टाकावा लागतो. त्याच ग्रंथात येशूचा न्याय करणारा रोमन सुभेदार पिलात 'सत्य काय आहे?' असे विचारतो आणि उत्तराला न थांबता बाहेर निघून जातो.

या भरवशाला तात्त्विक बैठक दिली ती चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने. तरुणपणी तो मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात होता. 'चर्च आधी विश्वास ठेवा म्हणते, आम्ही सगळे तर्काने पटवून देऊ' हा त्या पंथाचा दावा. कित्येक वर्षे थांबूनही पटवून देणारा कोणी भेटला नाही. मग त्याच्या ध्यानात आले की आपले आईबाप कोण, हेसुद्धा आपण दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच मानतो. 387 साली मिलानमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. अकराव्या शतकात अँसेल्म या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हाच धागा पुढे नेला: कळावे म्हणून मी विश्वास ठेवतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने वाटणी केली. देव आहे, इथवर बुद्धी पोचते; त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचे, रहस्य मात्र देवाने स्वतः प्रकट केले तरच कळते.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वारे फिरले. विल्यम पेली या पाद्र्याने 1794 मध्ये ख्रिस्ती धर्माचे 'पुरावे' मांडले, जवळजवळ कोर्टात मांडावेत तसे. हिंदुस्थानात आलेले बरेच मिशनरी हीच शिदोरी घेऊन आले होते.

कंपनी सरकारचा स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर याने 1839 मध्ये संस्कृत श्लोकांत 'मतपरीक्षा' लिहिली. खरा धर्म ओळखायच्या त्याच्या कसोट्या तीन: संस्थापकाचे चमत्कार, शास्त्राची पवित्रता आणि ते सर्व मानवजातीसाठी असणे. त्याला संस्कृतातच उत्तर देणाऱ्या पंडितांपैकी एक होते काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोरे, तेव्हा जेमतेम विशीतले. त्यांचे म्हणणे असे की शास्त्राला तर्काच्या दारात उभे करायचे नसते. आधी श्रद्धा, तर्क तिच्या मागून. गंमत पाहा, ख्रिस्ती म्यूर पेलीची भाषा बोलतो आहे आणि त्याला विरोध करणारा वैदिक पंडित अँसेल्मच्या कितीतरी जवळ उभा आहे!

1848 मध्ये हेच गोरे जौनपूरला ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे त्यांनी षड्दर्शनांचे खंडन करणारा हिंदी ग्रंथ लिहिला. शंकांनी मात्र त्यांची पाठ कधी पुरती सोडली नाही. मला हे त्यांच्या खंडनमंडनापेक्षा मोलाचे वाटते.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळवण्यात गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहिले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. सिद्धान्त पटले होते. ज्याच्यावर स्वतःला सोपवायचे तो गवसायला आणखी काही वर्षे गेली. ऑगस्टीन ज्या क्रमाचा आग्रह धरतो, तो रमाबाईंच्या बाबतीत असा उलटा होऊन आला.

अभ्यास मात्र त्यानंतर थांबला नाही. केडगावला स्वतः उभारलेल्या मुक्ती मिशन या आश्रमाचा व्याप सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करायला बसल्या. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम हातावेगळे झाले होते.