पुरळाची मुदत, भीतीची घाई

स्तनाच्या त्वचेवर उठलेले पुरळ दोन-तीन आठवडे उलटले तरी बसत नाही, मलम लावले की फिके पडते आणि थांबवले की पुन्हा डोके वर काढते, तेव्हा बहुतेक स्त्रियांच्या मनात सर्वांत आधी कर्करोगाची शंका येते. हाच चट्टा कोपरावर किंवा पोटरीवर असता तर ती आलीही नसती. जे उदाहरण चटकन आठवते ते घडण्याची शक्यता माणूस प्रत्यक्षाहून अधिक धरतो, असे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडले होते. स्तनावरचे इसब बरे झाल्याची हकिकत सहसा कोणी कोणाला सांगत नाही. स्तनाच्या कर्करोगाची हकिकत मात्र एकदा ऐकली की वर्षानुवर्षे मनात राहते. साहजिकच स्तनावर काहीही उमटले तरी मन त्याच हकिकतीकडे धावते.

तरीही ‘उगाच घाबरू नका’ असे सांगून ही भीती उडवून लावणे मला योग्य वाटत नाही, कारण स्तनाचे काही कर्करोग, संख्येने थोडे असले तरी, खरोखरच त्वचेवरच्या बदलातून प्रथम दिसतात. अडचण भीती वाटण्यात नाही, तर भीतीला उत्तर आजच्या आज हवे असते आणि त्वचेला बरे होण्यासाठी किंवा आपले खरे रूप दाखवण्यासाठी काही दिवस लागतात, यात आहे. या मधल्या दिवसांत काय करायचे आणि काय टाळायचे हे आधीच ठरलेले असेल, तर शंकेचा निकालही वेळेवर लागतो आणि मनाची फरफटही कमी होते.

प्रथम त्वचेचा विचार करू. स्तनावरच्या पुरळांची बहुतेक कारणे साधी असतात. स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, त्वचेवर त्वचा घासते आणि हवा लागत नाही; तेथे कँडिडा नावाची बुरशी सहज वाढते आणि ओलसर, चुरचुरणारा लाल पट्टा व त्याच्या कडेला सुटे बारीक पुटकुळे दिसू लागतात. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर इसब होते, आणि ज्यांना लहानपणी इसब किंवा दम्याचा त्रास होता त्यांना ते होण्याचा संभव अधिक असतो. अंतर्वस्त्राचा इलॅस्टिक पट्टा, हुकांमधले निकेल, कपड्यांचा रंग, धुण्याची पावडर, अत्तर, एवढेच काय पण पुरळासाठीच लावलेले एखादे मलम, यांपैकी कशाचीही अ‍ॅलर्जी येऊ शकते. खरूज असेल तर खाज रात्री वाढते आणि बहुधा घरातल्या इतरांनाही खाज सुटलेली असते. नागीण असेल तर आधी आग किंवा ठणका आणि मग अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात. सोरायसिसही स्तनाखालच्या घडीत होतो आणि तेथे त्याचे नेहमीचे पांढरे पापुद्रे नसल्यामुळे तो ओळखू येत नाही. गजकर्णावर स्वतःच्या मनाने स्टेरॉइड असलेले मिश्र मलम लावणे हा तर चट्टा चिघळवण्याचा हमखास मार्ग आहे: लाली आणि खाज उतरते, गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसली जाते आणि आत बुरशी पसरत राहते. ‘इतके औषध लावूनही जात नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्या कित्येकींच्या बाबतीत ते औषधच चुकीचे असते.

आता ज्यांची भीती वाटते त्या दोन आजारांकडे वळू. पहिला पॅजेटचा आजार. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये सुमारे पंधरा स्त्रियांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांच्या स्तनाग्रावर इसबासारखा दिसणारा चिवट चट्टा होता आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत त्याच स्तनात कर्करोग आढळला. (हाडांच्या एका आजारालाही याच डॉक्टरांचे नाव आहे; त्याचा स्तनाशी काहीही संबंध नाही, पण नावावरून माहिती शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो.) या आजारात कर्करोगाच्या पेशी स्तनाग्राच्या त्वचेत शिरलेल्या असतात आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये त्याच स्तनात आत दुधाच्या नलिकांमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे कर्करोग सापडतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांत याचे प्रमाण साधारण एक ते तीन टक्के आहे. ओळखण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हा चट्टा सहसा एकाच बाजूला असतो, तो स्तनाग्रापासून सुरू होतो आणि मग भोवतालच्या वर्तुळाकडे सरकतो. इसबाची चाल पुष्कळदा याच्या उलट असते. ते वर्तुळावर किंवा दोन्ही बाजूंना दिसते आणि स्तनाग्र अनेकदा वाचलेले असते. पॅजेटमध्ये खपली धरते, ओल येते, कधी रक्त येते, कधी स्तनाग्र आत ओढले जाते. स्टेरॉइड मलमाने तो काही काळ सुधारल्यासारखा वाटू शकतो. त्यामुळेच अनेकींचे निदान कित्येक महिने लांबते.

दुसरा आजार दाहक स्तनकर्करोग. नावात दाह असला तरी येथे जंतुसंसर्ग नसतो. कर्करोगाच्या पेशी त्वचेतल्या लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये, अडकतात, द्रवाचा निचरा थांबतो आणि स्तन सुजतो, गरम लागतो, जड होतो, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खळगेदार दिसते. हा बदल काही आठवड्यांत झपाट्याने होतो आणि लाली निदान एक तृतीयांश स्तनावर पसरलेली असते. हाताला गाठ लागेलच असे नाही. स्तनदाह (स्तनाचा जंतुसंसर्ग) समजून दिलेल्या प्रतिजैविकांनी जी सूज आणि लाली ओसरत नाही, तिची तपासणी त्यामुळेच तातडीने व्हायला हवी. वर्षभर तेवढाच राहिलेला, कधी वाढणारा कधी कमी होणारा खाजरा चट्टा या चित्रात बसत नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ‘लाली’ लाल दिसत नाही, ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळवंडल्यासारखी दिसते, तर पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्या त्वचेची असतात. म्हणून केवळ रंगावर न जाता सूज, उष्णता, जाड झालेली त्वचा आणि दोन स्तनांमधला नवा फरक यांकडे लक्ष द्यावे.

म्हणजे डोळ्यांनी पाहून बराचसा अंदाज बांधता येतो, पण खात्री होत नाही. डॉक्टरांनाही होत नाही. म्हणून पद्धत अशी असते की, प्रथम नीट तपासणी करायची, बुरशीची शंका असल्यास त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, संभाव्य कारणानुसार साधारण दोन आठवडे उपचार करायचे आणि चट्टा पूर्ण गेला नाही तर त्वचेचा तुकडा तपासायचा. ‘पूर्ण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. थोडे बरे वाटते म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. या तपासणीत, म्हणजे पंच बायोप्सीत, जागा बधिर करून साधारण तीन ते चार मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते. स्तनाग्रावरच्या चिवट चट्ट्यासाठी केवळ मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) नॉर्मल आली म्हणून थांबू नये, कारण पॅजेटच्या आजारात ती नॉर्मल असू शकते. ज्यांना पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला आहे किंवा त्या भागावर रेडिएशन घेतले आहे, त्यांनी मात्र दोन आठवडे थांबण्याच्या हिशेबात न पडता आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवावे.

या सगळ्यात जे दिवस जातात त्यांत मन काय करते, हा विषय त्वचेइतकाच महत्त्वाचा आहे. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरिक यांनी १९८६ मध्ये आरोग्यविषयक चिंतेचे जे विवरण केले त्याचा गाभा असा: शंका आली की माणूस तपासून पाहतो किंवा कोणाकडून तरी धीर मिळवतो, त्याने घटकाभर हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यामुळेच पुढच्या शंकेला पुन्हा तपासण्याची सवय जडते. दिवसातून दहा वेळा आरशासमोर उभे राहणे, स्तन दाबून पाहणे, मोबाइलवर फोटो काढून कालच्या फोटोशी ताडणे, बहिणीला तोच प्रश्न पुन्हा विचारणे, ही सारी त्याच साखळीची रूपे आहेत. पुरळाच्या बाबतीत या साखळीला आणखी एक कडी जोडली जाते. दाबलेली, चोळलेली, सतत हाताळलेली त्वचा लाल होते आणि दुखते. ताणाने खाज वाढते, खाजवल्याने त्वचेचे संरक्षक आवरण फाटते, त्यातून पुन्हा खाज सुटते. तपासण्यातूनच नवी लक्षणे तयार होतात आणि ती पुन्हा भीतीच्या बाजूने साक्ष देतात.

इंटरनेटवरच्या शोधाचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध दुर्मीळ आणि गंभीर आजारांकडे कसा घसरत जातो हे दाखवले. एखाद्या आजारावर किती पाने लिहिली गेली आहेत, यावरून तो आपल्याला असण्याची शक्यता कळत नाही. परंतु मध्यरात्री पडद्यासमोर बसलेल्या मनाला हा फरक जाणवत नाही.

वारंवार तपासल्याने निदान आपल्या जिवाची राखण तरी होते, असे कोणी म्हणेल. शांघायमधील गिरणी कामगार स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तीत २,६६,०६४ स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांना स्तनांची स्वतः तपासणी करण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले गेले. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत दोन्ही गटांत फरक पडला नाही, मात्र शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी अधिक झाल्या. आपले स्तन एरवी कसे दिसतात हे ठाऊक असणे आणि नवा बदल दिसताच डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच आहे. दर तासाला केलेली पाहणी यात काहीही भर घालत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत: तुम्हाला काय वाटते आहे, किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि न पडल्यास पुढची पायरी कोणती. पुन्हा दाखवण्याची तारीख तेथेच ठरवावी. त्या तारखेपर्यंत चट्टा आठवड्यातून एकदा, एकाच प्रकाशात पाहावा आणि हवा तर एक फोटो ठेवावा; रक्त येणे, झपाट्याने सूज येणे, ताप किंवा हाताला गाठ लागणे असे काही झाले तरच आधी जावे. मधल्या काळात शंका येत राहतील. त्या दाबून टाकण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा चिंतेसाठी दिवसातला अर्धा तास राखून ठेवणे आणि एरवी आलेला विचार त्या वेळेवर ढकलणे अधिक जमते. घरच्यांनीही ‘काही नाही गं, कर्करोग नाहीच’ असे दिवसातून दहादा सांगू नये, कारण ते त्यांना माहीत नसते आणि ऐकणारीलाही ते कळते. ‘भीती वाटते आहे हे दिसते, गुरुवारी दाखवायचे आहे, मी बरोबर येते,’ एवढे सांगितले तरी आधार मिळतो. बायोप्सीचा अहवाल येईपर्यंतचे दिवस मात्र कठीणच जातात, आणि ते सोपे करण्याची युक्ती आहे असा दावा मी करणार नाही.

अहवालात साधे इसब निघाल्यावर बहुतेकींची भीती ओसरते. काहींची ओसरत नाही. चार दिवसांनी ‘तुकडा चुकीच्या जागेचा घेतला असेल तर?’ असा प्रश्न उभा राहतो, पुरळ जाऊनही महिनोन्‌महिने आजाराचा विचार सुटत नाही, झोप आणि काम बिघडते. ही मनाची दुर्बलता नव्हे, आणि अशा चिंतेवर उपचार आहेत. ब्रिटनमधील रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत, आरोग्यविषयक चिंतेसाठी आखलेल्या वर्तन-विचार उपचारपद्धतीच्या पाच ते दहा बैठकांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली, आणि ती टिकली. या बैठकांत कर्करोग नसल्याची हमी दिली जात नाही. पूर्ण खात्रीवाचून दिवस कसे काढायचे याचा सराव करून घेतला जातो.

आणि ‘तुकडा चुकीच्या जागेचा असेल तर’ या प्रश्नालाही सरळ उत्तर आहे. फार वरवरचा किंवा अपुरा तुकडा कधीकधी फसवतो. इसबाचा अहवाल आल्यावर योग्य उपचार करूनही तोच चट्टा त्याच जागी राहिला किंवा पसरू लागला, तर दुसरी बायोप्सी मागणे रास्त आहे, आणि चांगले डॉक्टर ती स्वतःहून सुचवतात. चट्टा पूर्ण गेला असेल, तर ती मागण्याचे कारण उरत नाही.