रांग कुणाच्या हातात? स्विचमधल्या प्राधान्याची पार्श्वभूमी

संध्याकाळी सर्व्हरचा बॅकअप सुरू होतो आणि ऑफिसातल्या फोनवर आवाज तुटायला लागतो. ग्राफ बघावा तर लाइन बरीचशी मोकळी. पण ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवतो, आणि स्विचच्या पोर्टपुढची (केबल लावायच्या जागेपुढची) डेटाची रांग काही मिलिसेकंदांतच भरते आणि रिकामी होते. मॅनेज्ड स्विचमधलं, म्हणजे यंत्रं केबलने जोडणाऱ्या आणि सेटिंग बदलता येणाऱ्या डब्यातलं, क्यूओएसचं (कोणता डेटा आधी सोडायचा ते ठरवण्याचं) पान बहुतेक जण अशाच एखाद्या संध्याकाळी पहिल्यांदा उघडतात. समोर ० ते ७ आकडे, वेगवेगळ्या रांगा, ‘ट्रस्ट’ नावाचा पर्याय. हे सगळं कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. ते जसं साठत गेलं तसं समजून घेतलं, तर त्या पानाची भीती जाते.

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी इथरनेटचं, म्हणजे संगणक केबलने जोडण्याच्या पद्धतीचं, टिपण लिहिलं, त्यात प्राधान्याला जागाच नव्हती. केबल सगळ्यांची मिळून एक. शांत दिसली की बोलायचं. दोघांची टक्कर झाली तर दोघांनी थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. केबलवर रांगच नाही, तर पुढे कुणाला घेणार? आयबीएमच्या टोकन रिंग या दुसऱ्या जोडणी-पद्धतीत मात्र प्राधान्याचे तीन बिट आणि आठ पायऱ्या होत्या. पण बाजारात टिकलं ते स्वस्त आणि सोपं इथरनेट.

सप्टेंबर १९८१च्या आयपी प्रमाणकातही, म्हणजे इंटरनेटच्या पॅकेटच्या नियमांतही, प्राधान्यासाठी तीन बिट राखून ठेवले होते. त्यांच्या पायऱ्यांची नावं रूटीन, प्रायॉरिटी, इमीजिएट, फ्लॅश अशी, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या तारा-संदेशांतली. पैसा संरक्षण खात्याचा होता. हे बिट वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी कुणी वाचलेही नाहीत.

खरा बदल १९९०च्या सुमारास झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत महत्त्वाचा. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव त्यांच्या पत्नीच्या नावावरून ‘कल्पना’. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. स्विचमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःची केबल मिळाली आणि टक्कर मागे पडली. पण दोन पोर्टांवरून आलेल्या फ्रेम (डेटाचे पुडके) एकाच तिसऱ्या पोर्टातून बाहेर जायच्या असतील, तर एकीला थांबावंच लागतं. आधी हे थांबणं ज्याच्या त्याच्या संगणकात व्हायचं. आता ते मधल्या डब्याच्या मेमरीत आलं. रांग एकाच्या हाती आली, म्हणून कुणाला आधी सोडायचं हे ठरवणं शक्य झालं.

फ्रेमवर प्राधान्याचा आकडा लिहिण्याची, म्हणजे चिठ्ठीची, सोय १९९८ साली झाली. प्राधान्यावरच्या ८०२.१पी गटाचं काम ८०२.१डी या प्रमाणकाच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत गेलं, पण आकडा लिहायला इथरनेटच्या फ्रेममध्ये जागा कुठे होती? ती मिळाली व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडण्याच्या सोयीच्या) टॅगमध्ये, म्हणजे ८०२.१क्यूमध्ये. टॅग चार बाइटचा. त्यात १२ बिट व्हीलॅनचे आणि ३ प्राधान्याचे. त्यासाठी फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइटवरून १५२२वर न्यावी लागली. प्राधान्य असं व्हीलॅनच्या घरात भाड्याने राहत असल्यामुळे टॅग काढला की आकडाही जातो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयपीचा तो जुना बाइटही नव्याने वाटला गेला: सहा बिट, ६४ किमती. म्हणून एकाच कॉलला दोन आकडे दिसतात, आयपीत ४६ आणि टॅगमध्ये बहुधा ५. स्विचमधला मॅपिंगचा तक्ता या दोघांची सांगड घालतो.

टॅगमधला १ हा आकडा ० पेक्षा खालचा आहे, हे अनेकांना चकवतं. कारण साधं आहे. खूण नसलेलं सगळं ट्रॅफिक शून्यात मोडतं, आणि त्याच्याही मागे थांबायला हरकत नसलेल्या कामांना एक जागा हवी होती. संध्याकाळच्या बॅकअपची जागा तीच.

पण खूण कुणीही लिहू शकतो. स्वतःच्या प्रत्येक फ्रेमवर ७ लिहायला संगणकाला कोण अडवणार? ‘ट्रस्ट’चा पर्याय त्यासाठी आहे. टेबलावर हे नीट दिसतं: भिंतीतली केबल आयपी फोनमध्ये, फोनच्या दुसऱ्या पोर्टातून संगणकाला. फोनचा आकडा मानायचा आणि संगणकाचा पुसून ० करायचा, अशी व्यवस्था इथे लावतात. ती न लावता नुसत्या रांगा चालू करण्याला मी अर्धवट काम म्हणेन.

सर्वांत वरची रांग कडक प्राधान्याने चालवली, तर ती रिकामी होईपर्यंत बाकीच्या उपाशी राहतात. म्हणून तिथे फक्त आवाज ठेवतात आणि उरलेल्या रांगांना वजनाप्रमाणे आळीपाळीने सोडतात. आवाजाचा भारही मोठा नसतो: सर्वसाधारण कॉलमध्ये एका बाजूने सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचं बोलणं.

तरीही निघालेल्या फ्रेमला मागचा कुणी ओलांडू शकत नाही. १५०० बाइटची फ्रेम १० मेगाबिटच्या लाइनवर १.२ मिलिसेकंद घेते, गिगाबिटवर सुमारे १२ मायक्रोसेकंद. फोनवर बोलणाऱ्याला ते कळतही नाही. कारखान्यातल्या यंत्रांच्या तालात चालणाऱ्या नियंत्रणाला मात्र कळतं. त्यांच्यासाठी २०१६ साली ८०२.१क्यूबीयू आणि ८०२.३बीआर ही प्रमाणकं आली. आता लांब फ्रेम मध्येच थांबवता येते, तातडीची पुढे जाते, आणि उरलेला तुकडा मागून येऊन पलीकडच्या पोर्टावर जोडला जातो.