रणगाड्यात माणूस बसवायचा कुठे?

विज्ञानकथेत रणगाडा आधी आला, रणांगणावर नंतर. डिसेंबर १९०३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात एच. जी. वेल्स यांची ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ छापून आली. खंदकांत अडकलेल्या सैन्यावर त्यांनी ८० ते १०० फूट लांबीची पोलादी, वाफेवर चालणारी धुडं सोडली. चाकं डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याची: कडेने सपाट ‘पावलं’ बसवलेली, म्हणजे वजन पसरतं आणि मऊ मातीत चाक रुतत नाही.

पण वेल्स यांची खरी झेप आतल्या माणसात आहे. त्यांचा नेमबाज अंधाऱ्या खोलीत बसतो, समोर पडलेल्या बाहेरच्या चित्रावर नेम जुळवतो आणि घंटीसारखं बटण दाबून गोळी झाडतो. त्याला डोकं बाहेर काढावंच लागत नाही.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांचा ‘मार्क वन’ रणगाडा उतरला, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. २८ टनांच्या गाड्यात आठ माणसं आणि त्यांच्याच मध्ये उघडं १०५ अश्वशक्तीचं इंजिन. उष्णता, विषारी धूर, कानठळ्या बसवणारा आवाज. गाडा वळवायलाच चौघे लागत आणि हुकूम ऐकू येत नसल्याने खाणाखुणांवर काम चाले. पुढच्या कल्पित रणगाड्यांचं मूळ मला या घुसमटीत दिसतं.

शिवाय गणित आहेच. माणसाला जागा लागते, जागेभोवती चिलखत लागतं आणि चिलखताने वजन वाढतं. म्हणून कथाकारांनी माणूसच बाहेर काढला. कीथ लॉमर यांनी १९६० पासून ‘बोलो’ मालिकेत स्वतः विचार करणारा रणगाडा उभा केला. १९७७ च्या ‘ओगर’ या पटावरच्या खेळात असा एकटा रणगाडा अख्ख्या फौजेवर चालून येतो. तो एका फटक्यात मरत नाही. तोफा, क्षेपणास्त्रं आणि ज्यांवर गाडा चालतो ते पट्टे यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा. पट्टे तुटत जातील तसा वेग उतरतो. कल्पित यंत्राचं इतकं प्रामाणिक तांत्रिक वर्णन क्वचितच सापडतं.

२०१५ मध्ये मॉस्कोच्या संचलनात दिसलेल्या रशियाच्या ‘टी-१४ आर्माटा’ने अर्धी वाट गाठली. तिघे जण पुढच्या भागात चिलखती कप्प्यात बसतात, तोफेचा फिरता बुरूज रिकामा. आता चालत्या लढाईत तोफ अडकली, तर ती हाताने मोकळी करायला तिथे कोणी नाही. नव्या लेखकांनी ही अडचण जरूर हाती घ्यावी.